पुरस्कार पुस्तकाला की कामाला? धाराशिवकडून पाहताना

जून २०२४ मध्ये साहित्य अकादमीचे युवा पुरस्कार जाहीर झाले आणि मराठीसाठी तुळजापूरच्या देविदास सौदागर यांचे नाव आले. पुस्तक होते ‘उसवण’ ही छोटेखानी कादंबरी. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर जे आले, त्यात कादंबरी कमी आणि शिलाई मशीन जास्त होते. लेखक शिंपीकाम करतो, ही बातमी झाली. तयार कपड्यांच्या बाजारापुढे हात टेकलेल्या शिंप्याचे जगणे त्याने कसे लिहिले, निवेदन कसे उभे केले, भाषा कुठली वापरली, याबद्दल फार थोड्यांनी लिहिले. कौतुक मनापासून होते, यात शंका नाही. पण ते लेखकाच्या परिस्थितीचे होते. लेखनाचे कौतुक अजून बरेचसे बाकी आहे.

तालुक्याच्या कुठल्याही बाजारपेठेत आज चक्कर मारली तर त्या कादंबरीचा विषय डोळ्यांसमोर दिसतो. एकेकाळी लग्नसराईत रात्र-रात्र जागणाऱ्या टेलरकडे आता पॅन्टची उंची कमी करणे, चेन बदलणे, साडीला पिको-फॉल, शाळेचा गणवेश कमरेत ढिला करून देणे, एवढीच कामे येतात. अंगाचे माप घ्यायला लोक येत नाहीत, विकत आणलेला कपडा अंगाला जमवून घ्यायला येतात. मराठवाड्यातल्या छोट्या शहराची अशी गोष्ट त्याच शहरातला माणूस लिहितो आणि दिल्लीची संस्था तिला मान देते, ही पुरस्कारांच्या व्यवस्थेची जमेची बाजू आहे. ती आधी नोंदवून मग पुढच्या तक्रारींकडे वळू.

युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो. वयाची अट पस्तिशीची, रक्कम ५०,००० रुपये आणि सोबत ताम्रपट. अकादमीच्या मुख्य पुरस्काराची रक्कम एक लाख. मराठीत या युवा पुरस्काराने एक गोष्ट चांगली केली. ऐश्वर्य पाटेकर यांचा ‘भुईशास्त्र’, वीरा राठोड यांचा ‘सेनं सायी वेस’, नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ आणि आता ‘उसवण’ ही यादी पाहिली तर शहरी साहित्यवर्तुळाबाहेरची, शेतातली, तांड्यावरची, गावगल्लीतली माणसे तिच्यात सातत्याने दिसतात. मुख्य पुरस्कारातही गेल्या दहा वर्षांत मराठवाड्याला ठळक जागा मिळाली : २०१६ ला आसाराम लोमटे, २०१७ ला श्रीकांत देशमुख, २०१९ ला अनुराधा पाटील, २०२४ ला सुधीर रसाळ. पूर्वी मराठवाड्याच्या वाट्याला उपेक्षाच येते, असे बोलण्याची रीत होती. अकादमीपुरते तरी ते आता बोलता येणार नाही.

पण पुरस्कारानंतर काय? नवनाथ गोरे यांना ‘फेसाटी’साठी २०१८ मध्ये युवा पुरस्कार मिळाला. पुढे दोनच वर्षांनी टाळेबंदीच्या काळात त्यांना शेतमजुरी करावी लागत असल्याच्या बातम्या आल्या. कंत्राटी अध्यापनाचे काम सुटले होते. बातमी छापून आल्यावर मदतीचे हात पुढे आले, हेही खरे. मात्र अकादमीचा ताम्रपट घरात असलेल्या लेखकाला मदत मिळायला पुन्हा बातमीच व्हावी लागली. ५०,००० रुपयांत कुणाचे आयुष्य बदलत नाही. तशी अपेक्षाही कुणी करू नये. पुरस्कार ही पेन्शन नव्हे. पण पुरस्काराने पुस्तकाची मागणी वाढते, वाढलेली मागणी पुरवायला प्रकाशक पुढची आवृत्ती काढतो, ती जिल्ह्या-तालुक्यांच्या ग्रंथालयांत पोचते आणि लेखकाला दुसरे पुस्तक लिहायला उसंत मिळते, ही साखळी कुठेतरी धरायला हवी. आपल्याकडे ती पहिल्या-दुसऱ्या कडीलाच तुटते.

इथे थोडे नेपाळकडे पाहू. ते उगाच नाही. साहित्य अकादमी ज्या २४ भाषांना मान्यता देते त्यात नेपाळीही आहे. १९९२ मध्ये कोकणी आणि मणिपुरीबरोबर ती आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. दार्जिलिंगचे इंद्रबहादूर राई यांच्यासारखे लेखक भारताचेच. खुद्द नेपाळात सर्वांत मानाचा समजला जाणारा मदन पुरस्कार मात्र सरकारने सुरू केलेला नाही. राणी जगदंबा कुमारी देवी यांनी पती जनरल मदन शमशेर यांच्या स्मरणार्थ १९५५ च्या सुमारास, म्हणजे आपली साहित्य अकादमी पहिले पुरस्कार देत होती त्याच काळात, एक गुठी, म्हणजे विश्वस्त निधी, उभा केला. मदन पुरस्कार वर्षातल्या एका उत्तम पुस्तकाला मिळतो. पुढे १९८८ च्या सुमारास त्याच गुठीने दुसरा पुरस्कार जोडला : जगदंबाश्री. हा पुस्तकासाठी नाही. नेपाळी भाषा, साहित्य आणि कला यांसाठी दीर्घकाळ काम केलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला तो दिला जातो.

एकाच घराण्याच्या निधीतून एक पुरस्कार ग्रंथाला आणि एक कार्याला, ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. त्याहून मोलाची गोष्ट पुरस्काराच्या आजूबाजूला घडली. कमलमणी दीक्षित यांनी जमवलेल्या संग्रहातून ललितपूरला मदन पुरस्कार पुस्तकालय उभे राहिले. नेपाळीत छापलेले जे मिळेल ते, पुस्तके, नियतकालिके, पत्रके, तिथे जपले गेले. संगणकावर नेपाळी लिहिण्या-वाचण्याची सोय व्हावी म्हणून लागणाऱ्या कामातही या पुस्तकालयाने पुढाकार घेतला. म्हणजे पुरस्कार हे निमित्त झाले आणि त्याच्या आधाराने भाषेचे कोठार तयार झाले. सोहळ्यापलीकडे पुरस्काराचे काही उरू शकते, याचा याहून चांगला दाखला आपल्या शेजारी तरी नाही.

आता आपल्याकडे. मराठीत पुरस्कारांची टंचाई मुळीच नाही. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा आणि नेमाडे यांना मिळालेले ज्ञानपीठ बाजूला ठेवू. ते शिखर आहे. त्याखाली नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार आहे. १९९१ मध्ये विजय तेंडुलकरांपासून सुरू झाला आणि एक वर्षाआड २७ फेब्रुवारीला दिला जातो. इंदिरा संत, नारायण सुर्वे, बाबुराव बागूल, महेश एलकुंचवार, आशा बगे अशी नावे पाहिली की या पुरस्काराने आपली पत कशी राखली ते कळते. एक वर्षाआड देण्यातही तारतम्य आहे. दरवर्षी कुणीतरी शोधायलाच हवे, अशी सक्ती राहत नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या महाराष्ट्र फाउंडेशनचे पुरस्कार १९९४ पासून चालू आहेत. त्यात साहित्याच्या जोडीला समाजकार्यालाही मान दिला जातो. धाराशिवच्या शेजारी सोलापुरात भैरुरतन दमाणी पुरस्कार आहे. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बी. रघुनाथ यांच्या नावाचा पुरस्कार त्यांच्या स्मृतिदिनी, ७ सप्टेंबरला दिला जातो.

बी. रघुनाथांपाशी थोडे थांबायला हवे. परभणीचा हा कवी-कादंबरीकार निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात कारकुनी करत लिहीत होता. शिक्षण आणि कारभार उर्दूत, छापखाने आणि प्रकाशक दूर पुण्या-मुंबईला, असा तो काळ. धाराशिवही त्याच राज्याचा जिल्हा; १९४८ पर्यंत इथे मराठीत लिहिणे हे पोटापाण्यापासून सुटलेले काम होते. रघुनाथ १९५३ मध्ये, चाळिशीच्या उंबऱ्यावर, कचेरीत काम करतानाच गेले. साहित्य अकादमीची स्थापना त्याच्या पुढच्या वर्षीची. मराठवाड्याला पुरस्कारांचे अप्रूप अधिक का, याचे एक उत्तर या इतिहासात आहे. इथल्या लेखकाला मान म्हणजे मिरवण्याची वस्तू वाटली नाही. आपण मराठीच्या मुख्य घरात आहोत, याची ती पावती वाटत आली.

जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेव्हाच्या उस्मानाबादला भरले, तेव्हा हीच भावना दिसली. संत गोरोबा काका साहित्यनगरी, अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उद्घाटक ना. धों. महानोर, स्वागताध्यक्ष नितीन तावडे. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा जिल्हा तीन दिवस पुस्तकांनी भरला. आज दिब्रिटो आणि महानोर दोघेही नाहीत. जिल्ह्याचे नावही २०२३ मध्ये धाराशिव झाले. संमेलन मांडव उठला की संपते. तो त्याचा दोष नाही, स्वभाव आहे. पुरस्काराचा निधी मात्र नीट ठेवला तर पिढ्यान्‌पिढ्या चालतो. म्हणूनच जिल्ह्याच्या दृष्टीने मला संमेलनापेक्षा पुरस्काराचा प्रश्न मोठा वाटतो.

सरकारी पुरस्कारांचे काय, असे कुणी विचारील. राज्य शासनाचे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार संख्येने भरपूर आहेत. काव्याला केशवसुतांचे नाव, पहिल्या कवितासंग्रहाला बहिणाबाईंचे. नवोदितांच्या पहिल्या पुस्तकासाठी स्वतंत्र पुरस्कार ठेवण्याची कल्पना उत्तमच. लातूर, धाराशिव, हिंगोलीच्या किती तरी लेखकांना पहिली ओळख त्यातून मिळते. पण सरकारी पुरस्काराच्या कपाळी एक डाग आहे, आणि तो पुसायची सरकारची इच्छा दिसत नाही. १९८१ मध्ये विनय हर्डीकरांच्या ‘जनांचा प्रवाहो चालिला’ या पुस्तकाला दिलेला पुरस्कार सरकारने मागे घेतला. चार दशकांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाचा जाहीर झालेला पुरस्कार रद्द झाला आणि निवड समितीही बरखास्त झाली. प्रज्ञा दया पवार, नीरजा, लक्ष्मीकांत देशमुख यांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी स्वतःचे पुरस्कार नाकारले. पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, खोड तीच राहिली. परीक्षक नेमायचे आणि त्यांचा निकाल आवडला नाही की फिरवायचा, असे असेल तर परीक्षकांची गरजच काय? निकालावर टीका करण्याचा हक्क सरकारसकट सर्वांना आहे. निकाल फिरवण्याचा हक्क कुणालाच नसावा.

नाकारण्याची, परत करण्याचीही एक परंपरा मराठीत आहे, आणि ती केवळ राजकीय नाही. धारवाडच्या जी. ए. कुलकर्णींनी ‘काजळमाया’ला मिळालेला १९७३ चा अकादमी पुरस्कार पुस्तकाच्या प्रकाशन-तारखेबद्दल वाद निघताच परत केला. नंदा खरे यांनी ‘उद्या’साठी जाहीर झालेला २०२० चा पुरस्कार, आपण पुरस्कार घेणे आधीच थांबवले आहे, म्हणून नम्रपणे नाकारला. या दोघांच्या नकाराने पुरस्कार लहान झाला नाही. उलट, नाकारण्याजोगी किंमत त्याला आहे, हेच सिद्ध झाले.

किंमत नसलेले पुरस्कार मात्र उदंड झाले आहेत. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दर महिन्याला ‘प्रस्ताव मागवण्यात येत आहेत’ अशा चार-दोन बातम्या असतात. पुस्तकाच्या दोन किंवा तीन प्रती, परिचयपत्र, फोटो आणि कधी कधी ‘नाममात्र’ प्रवेशशुल्क. प्रती परत मिळत नाहीत. परीक्षक कोण, किती पुस्तके आली, ती कुणी वाचली, हे कुठेच सांगितले जात नाही. मग एका रविवारी सभागृहात पंचवीस-तीस जणांना एकदम सन्मानित केले जाते. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, घाईत वाचलेले मानपत्र, त्यावर चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ, आणि पाहुण्यांबरोबर एक फोटो. जायचा-यायचा खर्च लेखकाचा. त्यातून मिळते ते परिचयपत्रात वाढलेली एक ओळ, आणि तीच ओळ पुढच्या प्रस्तावाला जोडली जाते. हा व्यवहार दोन्ही बाजूंच्या संमतीने चालतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण वाचकाने मलपृष्ठावरची पुरस्कारांची लांबलचक यादी पाहून पुस्तक खाली ठेवावे, अशी वेळ याच पुरस्कारांनी आणली.

आता मूळ प्रश्न. भाषा, साहित्य आणि कला यांतले योगदान म्हणताना आपण पुस्तकाशिवाय आणखी कशाला योगदान मानतो? राज्य शासनाचे अशोक केळकर यांच्या नावाचा भाषा अभ्यासक आणि मंगेश पाडगावकर यांच्या नावाचा भाषा संवर्धक हे पुरस्कार व्यक्ती आणि संस्था दोघांनाही मिळतात; ग्रंथालयांना बाबासाहेब आंबेडकरांच्या आणि ग्रंथालय कार्यकर्त्यांना रंगनाथन यांच्या नावाने गौरवले जाते. जगदंबाश्रीच्या जवळ जाणारे आपल्याकडे हेच. ते चांगले आहेत, पण सगळ्या राज्याला मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तुळजापूरचाच दाखला घ्या. इथला गोंधळी घ्या, कदमराई परंपरेतला. यजमानाच्या अंगणात तो चौक मांडतो, कलश ठेवतो, ताटांचा मांडव उभारतो. कमरेला संबळ, त्याच्या एका भांड्यावर पडते ती टिपरी टोकाला वाकडी असते. शेजारी तुणतुणे, कुणाच्या हातात दिवटी. आधी गण, मग गावोगावच्या दैवतांना नावे घेऊन आवतण, आणि मध्यरात्रीनंतर आख्यान. हे आख्यान कागदावर नसते. कुठे थांबायचे, कुठे विनोदाची फोडणी द्यायची, समोर कळंबचे पाहुणे आहेत की उमरग्याचे, त्याप्रमाणे बोली कशी वळवायची, सगळे तोंडपाठ आणि कानपाठ. शेकडो ओव्या, पदे, कथा एका डोक्यात असलेला असा माणूस म्हणजे भाषेचा जिवंत ग्रंथ आहे. पण आयएसबीएन क्रमांक नसलेला ग्रंथ आपल्या पुरस्कारांच्या अर्जात बसत नाही. रा. चिं. ढेरे यांनी तुळजाभवानीवर संशोधन केले, प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासात आयुष्य घातले. ढेऱ्यांना विठ्ठलावरच्या ग्रंथासाठी १९८७ चा अकादमी पुरस्कार आणि मांड्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हे अगदी योग्यच झाले. प्रश्न एवढाच आहे की ज्यांच्या तोंडून हे अभ्यासक ऐकत आले, त्यांच्यासाठी आपण काय ठेवले?

ठेवले आहे ते मानधन. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या राज्य योजनेत ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना २०२४ पासून सरसकट महिना ५,००० रुपये मिळतात. वयाची सर्वसाधारण अट पन्नाशीची, आणि दरवर्षी जिल्ह्यामागे शंभर नवे लाभार्थी. योजना गरजेची आहे आणि रक्कम वाढवली, हे बरे झाले. पण मानधन हा आधार असतो, मान नव्हे. त्यासाठी देवीची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आराध्याला आपण कलावंत असल्याचे पुरावे जमवावे लागतात : जुन्या कार्यक्रमांची पत्रिका, कात्रणे, शिफारसपत्र. आयुष्यभर नवरात्रात रात्री जागवलेल्या माणसाकडे पत्रिका कुठली असणार? त्याला बोलावणे येत होते ते तोंडी.

तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांचे उदाहरण वेगळे, पण याच पठडीतले. व्यापार करणारा माणूस. गावाच्या पांढरीत सापडणारी खापरे, मणी, नाणी, मूर्ती वेचत राहिला. सातवाहन काळात रोमपर्यंत व्यापार असलेल्या तगर नगरीचा, म्हणजे तेरचा, इतिहास हाताने धरता येतो तो त्यांच्यामुळे. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तिथे आहे. त्यांनी या विषयावर प्रबंध लिहिला नव्हता. अशी माणसे प्रत्येक तालुक्यात एखाद-दुसरी असतातच : बखरी नि मोडी कागद सांभाळणारा, वाचनालय पदरमोड करून उघडे ठेवणारा, ‘काय करायलास’ म्हणणाऱ्या इथल्या बोलीतले शब्द वहीत टिपून ठेवणारा निवृत्त शिक्षक, नळदुर्ग-उमरग्याच्या सीमेवर कानडी-मराठी-दखनी तिन्हींत गाणारी एखादी आजी. यांना शोधायला प्रस्ताव मागवून चालत नाही. त्यांच्यापैकी कुणीही प्रस्ताव पाठवणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दर्जाबरोबर अभ्यासकांसाठी मोठे पुरस्कारही येतात. ते विद्वानांना मिळतील, मिळावेत. पण गाथासप्तशती आणि ताम्रपटांवर मिळवलेल्या दर्जाचा लाभ बोलणाऱ्या-गाणाऱ्यांपर्यंत झिरपेल, अशी काही सोय अजून तरी दिसत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. धाराशिव जिल्ह्याला आणखी एका ग्रंथपुरस्काराची गरज नाही. गरज आहे ती भाषा, साहित्य आणि कला यांतल्या दीर्घ कामासाठीच्या एका पुरस्काराची, सरकारी नसलेल्या आणि कायम निधीवर चालणाऱ्या. तो एक वर्षाआड दिला तरी चालेल. लायक कुणी सापडले नाही तर त्या वर्षी देऊ नये. परीक्षकांची नावे आधी जाहीर व्हावीत, त्यांनी तालुक्यांत फिरावे आणि निवडीची कारणे दोन पानांत छापावीत. पुरस्काराच्या रकमेइतकाच पैसा त्या माणसाकडे असलेले ध्वनिमुद्रित करायला, छापायला, जपायला बाजूला काढावा.

आई-वडिलांच्या किंवा गुरुजींच्या स्मरणार्थ पुरस्कार सुरू करण्याचा विचार जिल्ह्यातली, जिल्ह्यातून पुण्याला, हैदराबादला, परदेशी गेलेली पुष्कळ मंडळी करत असतात. त्यांना विनंती, की सभागृह, शाल आणि स्मृतिचिन्ह यांचा खर्च आधी वजा करून पाहा. उरलेल्या पैशात ‘उसवण’सारख्या पुस्तकाच्या प्रती विकत घेऊन धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा आणि वाशी या आठही तालुक्यांच्या वाचनालयांना देता येतात, आणि एका गोंधळ्याचे संपूर्ण आख्यान रेकॉर्ड करता येते. सुरुवात तिथून करा. पुरस्काराला नाव काय द्यायचे ते नंतर ठरवता येईल.